नऊ पिनांचं बोलिंग आणि त्याची जागतिक स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत कार्ल्सरूहे शहराच्या उत्तरेला डेटेनहाइम नावाचं एक छोटं गाव आहे. २००९ आणि २०१७ साली नऊ पिनांच्या बोलिंगची सांघिक जागतिक स्पर्धा या गावाने भरवली. मी तिथून जवळच राहतो आणि आमच्या गावच्या क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी हा खेळ खेळतो. पुण्या-ठाण्याहून फोन आला की घरच्यांचे, मित्रांचे तेच तेच प्रश्न असतात. इथे नव्याने आलेली मराठी मंडळीही तेच विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

हे आपलं मॉलमधलं बोलिंगच ना, फक्त एक पिन कमी?

नाही. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये असतं ते दहा पिनांचं अमेरिकन बोलिंग. तिथे पिना त्रिकोणात उभ्या असतात, बॉल सात किलोपर्यंत जड असू शकतो आणि लेनवर तेलाचा थर दिलेला असतो. नऊ पिनांच्या खेळात पिना चौकोनात मांडतात, पण तो चौकोन एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखा खेळाडूकडे टोक करून असतो : एक, दोन, तीन, दोन, एक. मधोमध उभी असते ती पाचवी पिन, म्हणजे राजा. ती बाकीच्यांपेक्षा उंच असते. बॉल फेकायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचं अंतर १९.५० मीटर. लेनवर तेल नसतं.

सगळ्यात मोठा फरक गुणांचा आहे. इथे स्ट्राइकचे, म्हणजे एकाच फेकीत सगळ्या पिना पाडल्याचे, जादा गुण मिळत नाहीत. जितक्या पिना पाडाल तितके गुण, हिशोब संपला. वाचताना हे फार साधं वाटतं, पण याच साधेपणामुळे खेळ कठीण होतो. एखादी फेक वाया गेली, तर पुढच्या एका झकास फेकीने ती भरून निघत नाही.

जर्मन लोक याला काय म्हणतात? आणि त्या ‘केगेल व्यायामां’शी याचा काही संबंध आहे का?

जर्मनमध्ये ‘केगेल्न’. ‘केगेल’ म्हणजे पिन. हंगेरीत ‘तेके’, चेक भाषेत ‘कुझेल्की’, क्रोएशिया-सर्बियात ‘कुग्लाने’, रोमानियात ‘पोपिचे’. व्यायामांचं नाव आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाच्या आडनावावरून पडलं. संबंध काहीही नाही.

बॉलला भोकं नसतात, मग तो पकडायचा कसा?

तळहातावर. बॉलचा व्यास १६ सेंटिमीटर आणि वजन साधारण २.८५ किलो. पुरुष आणि महिला एकच बॉल वापरतात. बोटं पसरून तो खालून धरायचा, हात लंबकासारखा मागे न्यायचा आणि पुढे येताना गुडघ्यात खोल वाकून बॉल जमिनीलगत सोडायचा. ‘फेक’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. खरं तर बॉल ठेवायचा असतो. रेषेआधी जमिनीत एक अरुंद पट्टी बसवलेली असते, तिच्यावरच तो टेकला पाहिजे. चांगला खेळाडू बॉल सोडतो तेव्हा आवाज येत नाही. माझ्यासारख्या नवख्याचा बॉल धप्पकन आदळतो आणि मागे बसलेले जुने मेंबर न बघताच सांगतात, “उशिरा सोडलास.”

बॉल परत येतो त्या ठिकाणी एक ओला स्पंज ठेवलेला असतो. बोटं कोरडी पडली की बॉल निसटतो, म्हणून खेळाडू फेकीआधी बोटं त्या स्पंजवर टेकवतात. टीव्हीवर हे पाहून काही जणांना तो एखादा विधी वाटतो. आपण पैसे मोजताना बोट ओलं करतो, तसलाच तो प्रकार.

पिनांना दोऱ्या बांधलेल्या असतात म्हणे. मग त्या खऱ्या पडतात का?

पडतात. दोरी पिनेच्या डोक्यातून वर यंत्रापर्यंत जाते. फेक झाली की यंत्र दोऱ्या ओढून सगळ्या पिना वर उचलतं आणि ज्या पुन्हा उभ्या करायच्या तेवढ्याच खाली सोडतं. पूर्वी हे काम लेनच्या टोकाला बसलेली पोरं हाताने करायची, आणि त्या कामाचे पैसे मिळायचे. आमच्या क्लबातल्या एका आजोबांनी लहानपणी ते केलं आहे. बॉल आल्यावर पाय कसे वर घ्यायचे, ते ते आजही खुर्चीत बसून करून दाखवतात.

एका खेळाडूला किती फेकी मिळतात?

जागतिक स्पर्धेत १२०. चार लेनवर प्रत्येकी ३०. प्रत्येक लेनवर आधी १५ फेकी ‘भरल्या मांडणी’वर, म्हणजे दर वेळी नऊच्या नऊ पिना समोर उभ्या. नंतरच्या १५ फेकी ‘सफाई’च्या : पहिल्या फेकीत उरतील त्या पिना तशाच राहतात आणि शेवटची पडेपर्यंत त्यांच्यावरच मारत राहायचं. सगळ्या पडल्या की नवीन नऊ उभ्या राहतात.

३० फेकींसाठी १२ मिनिटं मिळतात, म्हणजे फेकीला सरासरी २४ सेकंद. घड्याळ समोर चालूच असतं. वेळ संपला तर उरलेल्या फेकी गेल्या.

पूर्वी पुरुषांना २०० आणि महिलांना १०० फेकी असत. आता दोघांनाही १२० आहेत आणि मला हा बदल मनापासून पटतो. बॉल तोच, अंतर तेच, तर मोजमापही तेच हवं.

सगळे ‘सफाई, सफाई’ करत असतात. तिच्यात एवढं काय आहे?

माझ्या मते हा खेळ सफाईतच आहे. स्पर्धा बघणार असाल तर भरल्या मांडणीच्या वेळी चहा घ्या, गप्पा मारा, पण सफाई सुरू झाली की समोर बघा.

एक हिशोब मांडतो. चांगल्या पुरुष खेळाडूचे १२० फेकींत ६०० गुण झाले असं धरा. त्यातले साधारण ३९० भरल्या मांडणीतून आणि २१० सफाईतून येतात. फेकी दोन्हीकडे ६०च. म्हणजे भरल्या मांडणीत फेकीला साडेसहा पिना आणि सफाईत साडेतीन. नऊ पिना साफ करायला त्याला सरासरी अडीचपेक्षा थोड्या जास्त फेकी लागल्या. आता एखाद्या दिवशी हात नेमका बसला नाही आणि दर वेळी शेवटची एक पिन पाडायला एक फेक जास्त लागली, तर २१० चे १५० होतात. भरल्या मांडणीत एवढी घसरण होत नाही. तिथे वाईट फेकीतही चार-पाच पिना पडतातच.

सफाईत एकच पिन उरली की समोरची लेन अचानक लांब वाटू लागते. डाव्या कोपऱ्यातली पिन उरली असेल, तर बॉल कडेने न्यायचा आणि गटारात, म्हणजे लेनच्या बाजूच्या चरात, पडू द्यायचा नाही. चुकला तर शून्य. फलकावर अशा वाया गेलेल्या फेकींचा आकडा वेगळा दिसतो आणि जाणकार एकूण गुणांआधी तो वाचतात. पुढची पिन आणि तिच्या शेजारची, यांच्या मधल्या फटीला जर्मनमध्ये ‘गासं’ म्हणतात, म्हणजे चक्क गल्ली. पहिला बॉल गल्लीत बरोबर शिरला तर पुढचं काम सोपं होतं. नाकावर, म्हणजे थेट पुढच्या पिनेवर बसला तर दोन्ही बाजूंच्या पिना उभ्या राहायची भीती असते. म्हणजे सफाईची तिसरी फेक चुकते तेव्हा खरी चूक बहुधा पहिल्या फेकीत झालेली असते.

वैयक्तिक क्रमवारीत दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याची सफाई जास्त, तो वर. जुन्या जाणत्यांनी हा नियम केला तेव्हा त्यांनाही हेच म्हणायचं असणार.

सांघिक सामन्यात गुण कसे मोजतात? मला ८ गुणांचं गणित कळत नाही.

ते आधी कुणालाच कळत नाही. सावकाश बघू.

संघात सहा खेळाडू. प्रत्येकाची समोरच्या संघातल्या एकाशी जोडी लागते आणि दोघं शेजारच्या लेनवर एकाच वेळी खेळतात. चार लेन म्हणजे चार सेट. ज्या लेनवर ज्याच्या पिना जास्त, त्याला एक सेट-गुण. सारख्या पडल्या तर अर्धा-अर्धा. ज्याचे सेट-गुण जास्त, तो आपल्या संघाला एक गुण मिळवून देतो. सेट २-२ झाले तर एकूण पिना बघतात. असे सहा जोड्यांचे सहा गुण. उरलेले दोन गुण, सहाही जणांच्या पिनांची बेरीज ज्या संघाची जास्त त्याला. एकूण आठ.

आता उदाहरण. आपल्या खेळाडूने चार लेनवर १४६, १५०, १४४ आणि १३० केले. समोरच्याने १४५, १४९, १४३ आणि १६०. आपण पहिले तीन सेट एकेका पिनेने जिंकलो, चौथा ३० पिनांनी हरलो. सेट ३-१, गुण आपला! पण बेरीज बघा : आपले ५७०, त्याचे ५९७. जोडी जिंकूनही संघाच्या खात्यात २७ पिनांचा खड्डा पडला. असे दोन-तीन खड्डे पडले तर ते शेवटचे दोन गुण हातचे जातात. चार जोड्या जिंकलेला संघ पिनांच्या बेरजेत मागे राहिला तर साखळी सामना ४-४ असा बरोबरीत सुटतो, आणि ते लोक हरल्यासारखे तोंड करून बसलेले मी पाहिले आहेत.

म्हणूनच शेवटच्या जोडीतला खेळाडू, स्वतःचे तीन सेट हरून जोडी गमावल्यावरही, चौथ्या लेनवर जिवाच्या आकांताने खेळतो. त्याचा स्वतःचा गुण गेलेला असतो. तो बेरजेसाठी खेळत असतो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, आता काय उरलंय? पण सामना बऱ्याचदा तिथेच फिरतो.

जागतिक स्पर्धा कधीपासून होते? कुठे कुठे झाली?

पहिली १९५३ साली बेलग्रेडला. त्याआधीच्या वर्षी, १९५२ मध्ये, हॅम्बुर्गला आंतरराष्ट्रीय बोलिंग महासंघाची स्थापना झाली होती. पुढे १९५९ ला पूर्व जर्मनीतलं बाउट्सन, १९६४ ला बुडापेस्ट, १९६८ ला लिंझ, १९७४ ला आमच्याच भागातलं एपलहाइम, १९८० ला काळ्या समुद्राकाठचं रोमानियातलं मंगालिया. वर्षं आणि गावं बघितली की एक गोष्ट लक्षात येते. युरोपची दोन गटांत फाळणी झालेली असताना युगोस्लाव्हिया, रोमानिया, हंगेरी, पूर्व आणि पश्चिम जर्मनी इथले खेळाडू याच लेनवर नियमित समोरासमोर येत होते. या खेळाचा जीव मध्य आणि पूर्व युरोपात आहे, आणि तो त्या काळातही तुटला नाही.

नंतर बरीच वर्षं सांघिक स्पर्धा विषम साली आणि वैयक्तिक सम साली होत असे. २०१४ ला चेक प्रजासत्ताकातलं ब्र्नो, २०१५ ला बव्हेरियातलं स्पायखर्सडॉर्फ, २०१६ ला क्रोएशियातलं नोव्हिग्राड, २०१८ ला रोमानियातलं क्लुझ-नापोका, २०१९ ला चेक प्रजासत्ताकातलं रोकित्सानी. करोनामुळे ही घडी विस्कटली आणि २०२१ ची स्पर्धा पोलंडमध्ये पोझनानजवळच्या टार्नोवो पोदगुर्ने इथे झाली.

या यादीत मोठी शहरं थोडी आणि छोटी गावं बरीच आहेत. मला तेच आवडतं. स्पर्धा जिथे चांगल्या लेन आणि राबणारी माणसं असतात तिथे जाते.

कोणते देश खेळतात?

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, हंगेरी, रोमानिया, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, पोलंड, सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बॉस्निया, उत्तर मॅसेडोनिया, इटली, फ्रान्स, डेन्मार्क, एस्टोनिया. दर वेळी सगळे असतातच असं नाही. इटलीकडून खेळणारे बहुतेक दक्षिण टिरोलचे, म्हणजे जर्मन बोलणाऱ्या डोंगराळ भागातले.

वैयक्तिक स्पर्धेत काय काय असतं?

आधी १२० फेकींची पात्रता फेरी, मग समोरासमोरच्या बाद फेऱ्या. त्याशिवाय ‘स्प्रिंट’ : २०-२० फेकींचे दोनच सेट, १-१ झाले तर थोड्या जादा फेकींवर निकाल. आणि मिश्र टँडेम, ज्यात एक स्त्री आणि एक पुरुष आलटून पालटून फेकतात. टँडेमची सफाई बघण्यासारखी असते. जोडीदाराने उरवलेल्या पिना तुम्हाला पाडायच्या असतात. चूक कुणाची हे दोघांनाही माहीत असतं आणि कुणीही तोंडावर दाखवत नाही. तरुण मुलामुलींच्या वेगळ्या जागतिक स्पर्धा होतात.

पिवळं कार्ड दाखवतात हे खरं का?

खरं. रेषा ओलांडली किंवा बॉल पट्टीच्या बाहेर टेकला तर पंच आधी ताकीद म्हणून पिवळं कार्ड दाखवतात. पुन्हा तेच झालं तर त्या फेकीत पडलेल्या पिना धरत नाहीत.

या खेळाचा ‘सचिन’ कोण?

सर्बियाचा व्हिल्मोश झावार्को. अनेकदा विश्वविजेता. जर्मनीतल्या झेर्ब्स्ट या छोट्या शहराच्या क्लबाकडूनही तो खेळला. त्याचे व्हिडिओ बघाल तर पिनांकडे बघू नका, त्याच्या पावलांकडे बघा. पहिल्या फेकीत पाऊल जिथे पडतं, शंभराव्या फेकीतही तिथेच पडतं.

‘क्लासिक’, ‘बोले’ आणि ‘शेरे’ ही काय भानगड आहे?

लेनचे तीन प्रकार. इथे लिहिलं ते सगळं क्लासिकचं, जे सर्वात जास्त देशांत खेळतात. ‘बोले’ उत्तर जर्मनीत चालतो : लाकडी लेन, मध्ये खोलगट आणि पिनांकडे थोडी चढती. ‘शेरे’ म्हणजे कात्री. ती लेन आधी अरुंद असते आणि अर्ध्या वाटेनंतर कात्रीच्या पात्यांसारखी रुंदावत जाते. शेरेची जागतिक स्पर्धा वेगळी होते.

ऑलिम्पिकमध्ये का नाही?

१९८८ ला सोलमध्ये बोलिंग प्रदर्शनी खेळ म्हणून होतं, पण तेही दहा पिनांचं. नऊ पिनांचा खेळ ऑलिम्पिकमध्ये कधीच आला नाही. एकाच खंडात एवढा एकवटलेला खेळ तिथे पोचणं अवघड असतं. मला याचं वाईट वाटतं, कारण इथली पोरं दहाव्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा सराव करतात आणि शेजारच्या जिल्ह्यालाही त्यांची नावं माहीत नसतात.

अमेरिकेत नऊ पिनांवर बंदी होती ना?

कनेक्टिकट राज्याने १८४१ साली या खेळावर बंदी घातली होती, कारण त्यावर जुगार चालायचा. बंदी नऊवर म्हणून लोकांनी दहावी पिन वाढवली, अशी गोष्ट सांगतात. तिला मी गोष्टच मानतो. टेक्सासमध्ये जर्मन स्थलांतरितांच्या जुन्या गावांत मात्र नऊ पिना आजही खेळतात, वेगळ्या नियमांनी.

स्पर्धा बघायला गेलो तर काय अपेक्षा ठेवावी?

आवाजाची. घंटा, ढोल, भोंगे, सगळं आतल्या आत एका हॉलमध्ये. प्रेक्षक खेळाडूंच्या मागे बसतात, त्यामुळे खेळाडूची पाठ दिसते, चेहरा नाही. कुठल्या पिना उभ्या आहेत ते वरच्या पडद्यावर दिव्यांनी कळतं. चार लेनच्या हॉलमध्ये एक सांघिक सामना तीन तासांच्या आसपास चालतो, कारण एका वेळी दोनच जोड्या खेळतात. नऊच्या नऊ पडल्या की “आले नॉयने!” अशी आरोळी उठते, म्हणजे “नऊच्या नऊ!” फक्त राजा उभा राहून भोवतालच्या आठ पडल्या तर त्याला ‘क्रांत्स’ म्हणतात, पुष्पचक्र. दिसायला ते फार सुंदर असतं. सफाईत मात्र एक जादा फेक खर्च करायला लावतं. भेटल्यावर आणि सामन्याआधी एकमेकांना “गूट होल्त्स!” म्हणायचं, शब्दशः “चांगलं लाकूड!”

घरबसल्या बघायचं तर अलीकडच्या स्पर्धा इंटरनेटवर थेट दाखवतात.

भारतात खेळता येईल का? आणि जर्मनीत राहणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी?

आपल्याकडच्या लेन दहा पिनांच्या आहेत, त्यावर हा खेळ होत नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये असाल तर गावातल्या जुन्या खानावळीत विचारा. पुष्कळ ठिकाणी तळघरात दोन लेन असतात आणि तासावर भाड्याने मिळतात. ऑफिसातले लोक ‘केगेलआबेंड’ला बोलावतील तेव्हा नाही म्हणू नका. ती मजेची संध्याकाळ असते, स्पर्धा नव्हे.

मनापासून शिकायचं असेल तर क्लबात जा. आमच्याकडे नवीन माणसाला पहिले काही आठवडे फुकट खेळू देतात. स्वच्छ, पांढऱ्या तळव्याचे बूट घेऊन या, काळ्या तळव्याचे डाग पडतात. आणि पहिल्याच दिवशी सांगा की मला आधी सफाई शिकायची आहे. मी हे बोललो तेव्हा ते पाय वर घेणारे आजोबा उठले, यंत्राचं बटण दाबून फक्त मागच्या कोपऱ्यातली नववी पिन उभी केली आणि बॉल माझ्या हातात दिला. त्या संध्याकाळी चाळीस फेकींत ती तीनदा पडली.